आडात किती, पोहऱ्यात किती : इंटरनेटवरून ध्वनिमुद्रण करताना आवाजाचा खरा दर्जा कसा ओळखावा

काही वर्षांपूर्वी एका इंटरनेट रेडिओ वाहिनीने जुन्या मैफिलींची मालिका लावली होती आणि मी ती रोज रात्री संगणकावर उतरवून घेत असे. वाहिनीच्या पानावर ‘३२० केबीपीएस’ (म्हणजे सेकंदाला ३२० हजार बिट) असे लिहिलेले होते, उतरवलेली फाइलही तासाला बरोबर १४४ एमबी भरत होती, आणि एमपी३मध्ये याहून मोठा आकडा नसतो हे ठाऊक असल्यामुळे मी निश्चिंत होतो. तरीही मैफिलीच्या शेवटी टाळ्या वाजल्या की त्या टाळ्यांसारख्या न वाटता उकळत्या पाण्यासारख्या वाटत, आणि तबल्याची चाट कापडाखालून वाजवल्यासारखी बोथट येई. शेवटी त्या फाइलींचे वारंवारतेचे चित्र काढून पाहिले, तेव्हा एकजात सगळ्या मैफिलींमध्ये १६ किलोहर्ट्झच्या वर काळोख होता, म्हणजे सर्वांत उंच, बारीक आवाजांचा भाग नाहीसा होता. वाहिनीच्या संग्रहात मुळात हलक्या दर्जाच्या फाइली असाव्यात आणि प्रसारणाच्या वेळी त्याच पुन्हा ३२० केबीपीएसमध्ये बांधून पाठवल्या जात असाव्यात, हाच अर्थ त्यातून निघत होता.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण ध्वनिमुद्रणाला शब्दशः लागू पडते. वाहिनीने सांगितलेला आकडा हे पोहऱ्याचे माप असते. आडात पाणी किती आहे हे त्यावरून कळत नाही. ते वेगळ्या रीतीने शोधावे लागते. ज्यांना एखादे दुर्मीळ गायन पुढच्या पिढीसाठी जपून ठेवायचे आहे, त्यांनी ही रीत शिकून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण चुकीच्या विश्वासाने जपलेली हलकी प्रत पुष्कळदा चांगली प्रत शोधण्याची इच्छाच मारून टाकते.

आकड्याचा अर्थ

सीडीवरील आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलेले असते आणि डावा व उजवा असे दोन भाग असतात. या तिन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे १,४११ केबीपीएस होतात. एका तासाच्या गाण्याला सुमारे ६३५ एमबी लागतात. इंटरनेटवरून इतका मजकूर अखंड पाठवणे बराच काळ परवडणारे नव्हते, म्हणून एमपी३, एएसी, व्हॉर्बिस, ओपस अशा पद्धती आल्या. या पद्धतींना कोडेक म्हणतात. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, या गुणधर्माचा आधार घेऊन कोडेक जे ऐकू येणार नाही असे त्याला वाटते ते टाकून देतो किंवा फार ढोबळपणे लिहितो. एकदा टाकलेले परत मिळवता येत नाही. म्हणूनच हलक्या एमपी३वरून मोठी फाइल बनवली तरी तिच्यात नवे काही येत नाही, आणि ती बनवताना कोडेक पुन्हा एकदा आपली कात्री चालवतो, त्यामुळे दर्जा थोडा आणखी उतरतो.

कोडेकचे नाव सांगितल्याशिवाय बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती बिट येतात त्याचा, आकडा निरर्थक आहे. एमपी३चे मानक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे आहे, एएसी १९९७मध्ये आले आणि ओपसचे मानक २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक पुढची पद्धत तेवढ्याच बिटांत अधिक काम करते. त्यामुळे ९६ केबीपीएसचा ओपस प्रवाह (नेटवरून अखंड येणारा आवाज) १२८ केबीपीएसच्या एमपी३हून सरस असू शकतो, आणि ६४ केबीपीएसचा साधा एमपी३ व ६४ केबीपीएसचा एएसी यांची तुलनाच होत नाही. पिशवीचे वजन सांगितले आणि आत तांदूळ आहे की कोंडा हे सांगितले नाही, तर व्यवहार जसा अपुरा राहतो तसेच हे आहे.

सॅम्पलिंग रेटबद्दलही, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला याच्या आकड्याबद्दलही, असाच गैरसमज आढळतो. ओपस आतून नेहमी ४८ किलोहर्ट्झच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे मूळ आवाज जुन्या ध्वनिफितीवरून घेतलेला असला तरी प्लेअर ४८ किलोहर्ट्झच दाखवतो. ‘१६ बिट’ हा आकडा तर एमपी३ किंवा एएसीच्या बाबतीत अस्तित्वातच नसतो. फाइल उलगडताना प्लेअर स्वतः तो ठरवतो. एखाद्या सॉफ्टवेअरने एमपी३समोर १६ किंवा ३२ बिट लिहिले, तर ती त्या सॉफ्टवेअरची स्वतःची माहिती आहे, आवाजाची नव्हे.

शेवटचा टप्पा मोजता येतो

गायकाच्या तोंडून निघालेला सूर आपल्या फाइलपर्यंत येताना अनेक हातांतून जातो. मूळ ध्वनिमुद्रण, वाहिनीच्या संग्रहातील प्रत, प्रसारणापूर्वी आवाज सारखा करणारे यंत्र, प्रवाह तयार करणारा एन्कोडर, सर्व्हर, आपला प्लेअर आणि आपले मुद्रणाचे साधन, अशी ही साखळी असते. आपल्याला खात्रीने मोजता येतो तो फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे एन्कोडरपासून आपल्यापर्यंतचा. आधीच्या टप्प्यांचा पुराव्यांवरून तर्क करावा लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

शेवटच्या टप्प्यासाठी प्रथम प्रवाहाचा थेट पत्ता हवा. पुष्कळ वाहिन्या पीएलएस किंवा एम३यू अशी छोटी फाइल देतात. ती नोटपॅडमध्ये उघडली की आत पत्ता दिसतो. तो पत्ता व्हीएलसीमध्ये उघडून ‘कोडेक इन्फर्मेशन’ची खिडकी पाहिली की कोडेक, सॅम्पलिंग रेट आणि चॅनेलची संख्या कळते. आज्ञा टंकून काम करण्याची सवय असेल तर एफएफप्रोब नावाचे साधन हेच अधिक नेमकेपणाने सांगते. शाउटकास्ट आणि आइसकास्ट पद्धतीचे सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला ‘आयसीवाय-बीआर’ नावाची एक ओळ पाठवतात आणि अनेक प्लेअर तीच ओळ बिटरेट म्हणून दाखवतात. ही ओळ म्हणजे वाहिनी चालवणाऱ्याने मांडणी करताना भरलेली माहिती असते. एन्कोडर नंतर बदलला आणि ओळ तशीच राहिली, तर ती चुकीची ठरते, आणि असे सर्रास घडते. खरा बिटरेट प्रत्यक्ष आलेल्या बाइटांवरूनच काढावा.

त्याचे गणित सोपे आहे. प्रवाह काहीही न बदलता फाइलमध्ये उतरवावा, फाइलच्या बाइटांना आठने गुणावे आणि आवाजाच्या सेकंदांनी भागावे. १२८ केबीपीएसचा एक तास ५७.६ एमबी भरतो, ६४ केबीपीएसचा २८.८ एमबी. येथे एक बारीक चूक हमखास होते. भागाकार आवाजाच्या लांबीने करायचा असतो, भिंतीवरच्या घड्याळाने नव्हे, कारण जोडणी होताच आवाज लगेच सुरू व्हावा म्हणून सर्व्हर आधी साठवलेला भाग एकदम ओतून देतो. आइसकास्टच्या मूळ मांडणीत हा साठा सुमारे ६४ किलोबाइट असतो. ६४ केबीपीएसच्या प्रवाहात तेवढ्यात आठ सेकंदांचा आवाज मावतो, म्हणून घड्याळ लावून एक मिनिट मोजल्यास ६४ऐवजी सुमारे ७३ असा आकडा मिळतो आणि वाहिनी सांगते त्याहून अधिक देते असा भास होतो. दहा-पंधरा मिनिटांचा नमुना घेतला की ही त्रुटी नगण्य होते.

याच सर्व्हरांची आणखी एक खोड मुद्रण करणाऱ्याने जाणून घेतली पाहिजे. गाण्याचे नाव प्लेअरवर दिसावे म्हणून, मागणी केल्यास, सर्व्हर आवाजाच्या बाइटांमध्ये ठरावीक अंतरावर नावाची पट्टी खोवतो. हे अंतर पुष्कळ ठिकाणी १६,००० बाइट असते, म्हणजे १२८ केबीपीएसच्या प्रवाहात बरोबर एक सेकंद. नवे नाव नसेल तेव्हाही तेथे शून्याचा एक बाइट येतोच. मुद्रण करणाऱ्या साधनाने तो वेचून काढला नाही तर दर सेकंदाला टिचकी किंवा चिवचिव ऐकू येते, आणि ऐकणारा वाहिनीला दोष देतो. दोष इतका नियमित अंतराने येत असेल तर आधी आपले साधन तपासावे.

एचएलएस पद्धतीचे प्रवाह वेगळे असतात. यात आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि त्या तुकड्यांची यादी एम३यू८ फाइलमध्ये असते. बहुधा एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या बिटरेटमध्ये उपलब्ध असतात आणि नेटचा वेग पाहून प्लेअर मधेच एकीवरून दुसरीवर उडी मारतो. ऐकणाऱ्यासाठी ही सोय आहे, पण मुद्रण करणाऱ्यासाठी तो धोका आहे, कारण विलंबित लय उत्तम दर्जाची आणि द्रुत हलक्या दर्जाची, अशी फाइल हाती येऊ शकते. मुख्य यादीत प्रत्येक प्रतीसमोर बँडविड्थ आणि कोडेकचा संकेत लिहिलेला असतो. ‘एमपी४ए.४०.२’ म्हणजे साधा एएसी, ‘४०.५’ म्हणजे एचई-एएसी आणि ‘४०.२९’ म्हणजे त्याची दुसरी आवृत्ती. यांतील सर्वांत चांगल्या प्रतीचा पत्ता निवडून मुद्रण त्याच एका प्रतीवर बांधून ठेवावे. यादीतील बँडविड्थ हा कमाल आकडा असतो आणि त्यात तुकडे बांधण्याचा खर्चही धरलेला असतो, त्यामुळे आवाजाचा बिटरेट त्याहून थोडा कमी निघाला तर त्यात गैर काही नाही.

एचई-एएसीची नक्कल

कमी बिटरेटच्या प्रवाहांमध्ये एचई-एएसी फार वापरला जातो आणि दर्जा ओळखू पाहणाऱ्याला सर्वाधिक चकवतो तोही हाच. यात मूळ आवाज अर्ध्या सॅम्पलिंग रेटने लिहिला जातो. बाहेरचा रेट ४४.१ किलोहर्ट्झ असेल तर आतला २२.०५ असतो, आणि सॅम्पलिंग रेटच्या निम्म्यापर्यंतच वारंवारता नोंदवता येतात, म्हणून खरा आवाज फार तर ११ किलोहर्ट्झपर्यंत पोहोचतो. त्यावरचा सगळा भाग प्लेअर स्वतः तयार करतो: खालच्या पट्ट्याची नक्कल वर चढवतो आणि सोबत आलेल्या थोड्याशा सूचनांनुसार तिची उंची कमी-जास्त करतो. दुसऱ्या आवृत्तीत तर प्रवाहात एकच चॅनेल असतो, आणि डावे-उजवे कसे वाटायचे याच्या सूचना तेवढ्या सोबत येतात.

त्यामुळे दोन प्रकारचे गोंधळ होतात. काही साधने आतला आकडा वाचून ‘२२.०५ किलोहर्ट्झ, मोनो’ असे दाखवतात आणि वाहिनी निकृष्ट आहे असा समज होतो. काही साधने बाहेरचा आकडा दाखवतात आणि चित्रातही वरपर्यंत रंग भरलेला दिसतो, त्यामुळे सगळे उत्तम आहे असे वाटते. व्हीएलसीच्या माहितीत ‘एसबीआर’ किंवा ‘एसबीआर + पीएस’ असे शब्द आले, तर वरचा भाग बनवलेला आहे हे समजावे. बातम्या, भाषणे, श्रुतिका यांसाठी ही पद्धत उत्तम आहे आणि ४८ केबीपीएसमध्ये ती जे साधते ते खरोखर थक्क करणारे आहे. पण तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारे वरचे स्वर प्लेअरने अंदाजाने रंगवलेले असतील, तर ते जतन करण्याजोगे मुद्रण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधीच्या टप्प्यांचा माग

आता आडाकडे वळू. येथे उपयोगी पडतो तो स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि रंगाने जोर दाखवणारे चित्र. स्पेक नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर फाइल टाकताच ते काढून देते आणि ऑडॅसिटीमध्येही तशी सोय आहे. ऑडॅसिटीत चित्राची वरची मर्यादा आधी पाहून ती २२,००० हर्ट्झवर न्यावी, नाहीतर मर्यादा चित्राची असते आणि ठपका आवाजावर येतो.

चित्र वाचण्याचे तत्त्व असे आहे. कमी बिट हाती असले की एन्कोडर सर्वांत वरचा भाग सरळ छाटून टाकतो. लेम हा प्रचलित एमपी३ एन्कोडर १२८ केबीपीएसला साधारण १६ ते १७ किलोहर्ट्झवर, १९२ला १९च्या आसपास आणि ३२०ला २०च्या आसपास छाटतो. ओपस काही झाले तरी २० किलोहर्ट्झच्या वर जात नाही. म्हणजे शेवटच्या टप्प्याचा कोडेक व बिटरेट कळला की त्याची स्वतःची उंची किती असायला हवी हे आपल्याला ठाऊक असते. प्रत्यक्ष चित्रातली उंची त्याहून बरीच खाली असेल, छाटणी सुरीने कापल्यासारखी सरळ असेल आणि सगळ्या कार्यक्रमांत ती त्याच ठिकाणी असेल, तर कात्री आधीच्या टप्प्यात चाललेली आहे. माझ्या मैफिलींच्या बाबतीत हेच दिसले होते: ३२०चा प्रवाह, पण उंची १२८ची. उलट एका कार्यक्रमात १६ आणि दुसऱ्यात २० असे दिसले, तर वाहिनीचा एन्कोडर बरोबर आहे आणि संग्रहातील फाइली मिश्र दर्जाच्या आहेत असे समजावे.

चित्रासाठी क्षण मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. एकट्या तंबोऱ्यावर चाललेल्या आलापात १६ किलोहर्ट्झच्या वर मुळातच फार थोडे असते, म्हणून तेथे काळोख दिसला तर तो पुरावा नव्हे. भजनातले टाळ, झांजा, कथकमधील घुंगरू, श्रोत्यांच्या टाळ्या, गायकाच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’ यांत वरच्या वारंवारता भरपूर असतात. अशा जागा निवडून तपासणी करावी.

छाटणी दिसली म्हणजे फसवणूक झाली असे मानण्याची घाईही करू नये, कारण काही मर्यादा माध्यमाच्याच असतात. एफएम स्टिरिओ प्रसारणात १९ किलोहर्ट्झवर एक खुणेचा स्वर असतो आणि त्याला धक्का लागू नये म्हणून कार्यक्रमाचा आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच ठेवतात. एखादी वाहिनी आपला एफएमचा आवाजच नेटवर देत असेल तर छाटणी १५वर दिसेल, आणि तो आवाज रेडिओ संचातून घेतलेला असेल तर १९वर एक बारीक आडवी रेघही पुष्कळदा सापडते. भारतात मध्यम लहरींवरील केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे तेथून घेतलेला आवाज याहून कितीतरी अरुंद आणि मोनो असतो. आकाशवाणीच्या केंद्रांचे प्रवाह आता न्यूजऑनएअरवर मिळतात, म्हणून महाराष्ट्राबाहेर राहणारे पुष्कळ मराठी श्रोते तेथून मुद्रण करतात. त्यांनी कार्यक्रम थेट स्टुडिओतला आहे की जुन्या ध्वनिफितीवरचा, हे लक्षात घेऊनच चित्राचा अर्थ लावावा. आकाशवाणी संगीत संमेलन १९५४पासून चालत आले आहे, आणि त्या काळच्या फितीकडून आजच्या मुद्रणाची उंची मागणे अन्यायाचे होईल.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत मला एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर गाण्याचा भाग काही किलोहर्ट्झच्या वर जात नाही, म्हणून अशा गाण्याचे चित्र काढून काही कळणार नाही असे वाटते. पण तबकडीची खरखर असतेच, आणि ती गाण्याच्या कितीतरी वर, अगदी २० किलोहर्ट्झपर्यंत पसरलेली असते. खरखरीवर कोणतीही प्रक्रिया न करता तबकडी उतरवली असेल, तर ही खरखर चित्रात वरपर्यंत दिसायला हवी. ती १६ किलोहर्ट्झवर सरळ रेषेत थांबत असेल, तर मधे कुठेतरी एमपी३ची कात्री चाललेली आहे. फितीवरच्या सूसू आवाजाचाही असाच उपयोग होतो. जी खरखर ऐकताना नकोशी वाटते तीच येथे साक्षीदार होते, आणि म्हणूनच ती घालवून टाकणाऱ्या ‘स्वच्छ’ प्रतींबद्दल मला नेहमी हळहळ वाटते.

असाच आणखी एक साक्षीदार जुन्या टीव्ही संचांचा आहे. भारतात वापरात असलेल्या पाल पद्धतीत ६२५ रेषांची चौकट सेकंदाला २५ वेळा रेखाटली जाई, त्यामुळे काचेच्या नळीचे संच १५,६२५ हर्ट्झवर सतत बारीक शीळ घालत. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत झालेल्या जुन्या मुद्रणांत ही रेघ पुष्कळदा दिसते. ती चित्रात तुटकपणे, मधेमधे नाहीशी होत दिसली, तर हलक्या कोडेकने ती कधी ठेवली आणि कधी टाकली असे समजायला हरकत नाही.

‘यूट्यूबवरून ३२० केबीपीएस एमपी३’ देणाऱ्या संकेतस्थळांचे काय, याचे उत्तरही आता वाचकाला सहज सुचेल. यूट्यूब सर्वसाधारण प्रेक्षकाला सुमारे १२८ केबीपीएसचा एएसी किंवा फार तर १६० केबीपीएसच्या आसपासचा ओपस देते. त्यावरून बनवलेली ३२०ची फाइल आकाराने दुप्पट आणि दर्जाने मूळ प्रवाहाहून थोडी खालचीच असते. तो मूळ ओपस किंवा एएसी जसाच्या तसा ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

कानाची साक्ष

चित्र छाटणी दाखवते, पण छाटणी म्हणजे संपूर्ण दर्जा नव्हे. १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग पन्नाशीपुढच्या बहुतेकांना ऐकूच येत नाही. खरे नुकसान त्याच्या खाली, कानाला लागणाऱ्या भागात झालेले असते आणि ते चित्रात सहज दिसत नाही. एमपी३ आवाजाचे छोटे छोटे खंड करून काम करतो आणि ढोबळ लिखाणाची चूक त्या संपूर्ण खंडात पसरते. तबल्यावर थाप पडण्याआधीच्या शांततेतही ती पसरल्यामुळे थापेआधी किंचित ‘फस्’ ऐकू येते आणि थापेची धार जाते. तंबोऱ्याचा अखंड नाद कमी बिटांत पाण्याखालून आल्यासारखा डुचमळतो. टाळ्या हा तर सर्व कोडेकांचा कठीण पेपर असतो, कारण हजारो छोटे आघात एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि त्यांत टाकून देण्यासारखे फारसे काही नसते. म्हणून माझी पहिली तपासणी नेहमी मैफिलीच्या शेवटापासून सुरू होते.

दोष उघड करण्याची एक युक्ती ऑडॅसिटीत सहज करता येते. स्टिरिओ फाइलचे दोन भाग वेगळे करावेत, त्यांतील एक उलटा करावा आणि दोन्ही एकत्र मिसळून मोनो करावेत. दोन्हींत समान असलेले सगळे नाहीसे होते आणि फक्त फरक उरतो. काहीच उरले नाही, तर प्रवाहाने स्टिरिओ म्हणवून घेतले असले तरी आतला आवाज मोनो आहे. बुडबुडे फुटल्यासारखा, गुरगुरणारा आवाज उरला, तर बिट वाचवण्यासाठी एन्कोडरने डाव्या-उजव्यातील फरकावर कठोरपणे कात्री चालवलेली आहे. एरवी मध्यभागी गाणाऱ्या गायकाच्या आवाजाखाली हा दोष झाकला जातो.

दोन प्रवाहांपैकी कोणता चांगला हे ठरवताना आकडा आधी पाहिला की कान त्या आकड्याच्या बाजूने कौल देतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. फूबार२०००मध्ये एबीएक्स नावाची आंधळी चाचणी करता येते: समोर वाजणारा तुकडा पहिल्या फाइलचा की दुसऱ्या, हे नाव न पाहता ओळखायचे. सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखले तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. नऊ-दहा वेळाच जमले, तर आपल्याला फरक ऐकू येतो असा दावा करू नये.

उतरवून घेताना

एवढी तपासणी करून निवडलेला प्रवाह चुकीच्या रीतीने उतरवला तर सगळे श्रम वाया जातात. पुष्कळ जण संगणकावर वाजणारा आवाज ध्वनिकार्डातून परत पकडतात. त्यात प्लेअरच्या आवाजाची पातळी बदलते, ४४.१चा आवाज बहुधा ४८मध्ये रूपांतरित होतो, मधेच आलेल्या सूचनेची घंटी मुद्रणात शिरते, आणि शेवटी तो एमपी३ म्हणून साठवला तर कोडेकची कात्री आणखी एकदा चालते. डब्ल्यूएव्ही म्हणून साठवला तर दर्जा पुढे उतरत नाही, पण ६४ केबीपीएसच्या एका तासाच्या २८.८ एमबी माहितीसाठी ६३५ एमबी जागा खर्च होते, आणि पुढे ती फाइल हाती लागणाऱ्याला तो सीडीचा दर्जा आहे असे वाटते. हा शेवटचा परिणाम मला सर्वांत घातक वाटतो.

यावर उपाय म्हणजे प्रवाहाचे बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवणे. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरला आवाज ‘कॉपी’ करण्याची आज्ञा दिली की ते काहीही न उलगडता प्रवाह साठवते. स्ट्रीमरिपर हेच काम शाउटकास्टसारख्या प्रवाहांसाठी करतो आणि नावांच्या पट्ट्या वेचूनही काढतो. अशा फाइलचा बिटरेट मोजला तर तो खरा असतो आणि चित्र काढले तर ते प्रवाहाचेच असते. सुरुवातीची जाहिरात किंवा शेवटची उद्‌घोषणा कापायची असेल, तर तेही फाइल न उलगडता करता येते. एमपी३ची एक चौकट ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंदांची असते आणि एमपी३डायरेक्टकटसारखे साधन चौकटीच्या सीमेवर कापते, म्हणजे समेवर कापायचे असले तरी एवढी अचूकता पुरेशी होते.

मी प्रत्येक मुद्रणाशेजारी त्याच नावाची एक छोटी मजकुराची फाइल ठेवतो. तीत तारीख, प्रवाहाचा पत्ता, कोडेक, मोजलेला बिटरेट, जसेच्या तसे उतरवले की ध्वनिकार्डातून, आणि टाळ्यांच्या वेळी चित्राची उंची किती होती, एवढे लिहिलेले असते. त्या ३२०च्या मैफिलीही मी पुसलेल्या नाहीत. त्यांच्या शेजारच्या फाइलीत ‘मूळ प्रत बहुधा १२८ केबीपीएस एमपी३, अधिक चांगली प्रत शोधणे’ असे लिहून ठेवले आहे, आणि त्यांतील दोन मैफिलींचा शोध अजून चालू आहे.